हात आवरण्याचे दान

बँकेत आयुष्यभर इतरांची खाती सांभाळली. निवृत्तीनंतर सोलापूरच्या कंबर तलावावरील पक्ष्यांची आवक-जावक वहीत मांडतो. पावसाळ्यात तरंगत्या पानांवर लांब शेपटीचा कमळपक्षी घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते, पिल्ले सांभाळतो तो नर. हिवाळ्यात उत्तरेकडून थापट्या बदके उतरतात, उन्हाळा लागताच परततात. हळदीकुंकू बदके मात्र बारमाही.

काही स्नेही पुण्यभावनेने पाण्यात पाव, शेव टाकतात. उरलेले अन्न कुजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. पक्ष्यांचे अन्न तलावातच आहे. जीवदया देण्यात असते, तशी हात आवरण्यातही असते. दुरून पाहावे, पाणी निर्मळ राखावे. त्या पाहुण्यांना एवढे आतिथ्य पुरेसे आहे.