मागच्यासारखंच

व्यवहारातले काही शब्द फार साधे वाटतात; पण ते पाळायला बसलं की घाम फुटतो. ‘मागच्यासारखंच’ हा त्यातलाच एक. आमच्या वडिलांचा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटासा धंदा आहे. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढायची आणि टी-शर्ट, पिशव्या, पत्रिका, जे येईल ते छापायचं. गिऱ्हाईक येतं, खुर्ची ओढतं आणि म्हणतं, “मागच्यासारखंच करा.” मागचं म्हणजे नेमकं कसं, हे त्याला सांगता येत नाही, वेगळं झालं तर मात्र लगेच कळतं.

गणपतीत एखादं मंडळ ६० टी-शर्ट छापून नेतं. चार दिवसांनी निरोप येतो, आणखी ६ हवेत, पोरं वाढली. ती सहा पोरं आधीच उशिरा आलेली. त्यात छातीवरचा निळा जरा गडद उतरला किंवा छपाई बोटभर खाली आली, तर रांगेत ती लांबूनही वेगळी दिसतात. आपल्या लेखी फरक सुताएवढा. पण तो अंगावर घालून मिरवायचा त्यांना असतो. असं वेगळं दिसणं काय असतं, हे घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या कुणालाही सांगायला नको.

म्हणून प्रत्येक काम गठ्ठ्यात बांधण्यापूर्वी मी त्याचा फोटो काढून ठेवते. नुसतं बटण दाबून भागत नाही. कापड सपाट पसरायचं, मोबाइल वरून सरळ धरायचा. तिरका धरला तर चौकोनही कलतो. गळ्याच्या शिवणीपासून छपाईपर्यंत फूटपट्टी ठेवायची, शेजारी कामाचं नाव, तारीख आणि साइज लिहिलेली चिठ्ठी. एक फोटो अख्ख्या कपड्याचा, एक जवळून. जागा, माप, कोणत्या रंगावर कोणता चढला आहे, एवढं त्यावरून वर्षानंतरही सापडतं.

रंगाच्या बाबतीत मात्र फोटोवर विसंबू नये. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपणच सावरून घेतो. ट्यूबखालचा निळा आणि उन्हातला निळा फोटोत दोन निघतात. तीच शाई पांढऱ्या कापडावर एक दिसते, काळ्यावर दुसरी. जाळी बदलली, शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, म्हणजे स्क्वीजीचा दाब बदलला, की शाईचा थर बदलतो आणि छटाही. तेव्हा त्याच कापडाच्या तुकड्यावर छापून तो वहीत चिकटवायचा आणि खाली लिहायचं: जाळीचा नंबर, हात किती मारले, कोणती शाई किती ग्रॅम. उजेडानं तुकडाही विटतो, म्हणून वही कपाटात.

वडिलांना हे सुरुवातीला पटलं नाही. “रंग डोळ्यात असतो,” ते म्हणत. खरोखरच होता. वीस वर्षं त्यांनी नुसत्या नजरेनं रंग जुळवले. २०२४ साली त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर निळा रंग पाहून ते थक्क झाले. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, त्यातून निळा मळकट दिसतो. आणि हे इतकं हळूहळू घडतं, की माणसाला पत्ता लागत नाही. त्यानंतर तेच म्हणाले, “वजन लिहून ठेवत जा.”

अँडी वॉरहॉलनं १९६२ साली याच तंत्रानं मेरिलिन मन्रोचे ५० चेहरे एका कलाकृतीत छापले. उजव्या भागात शाई कुठे दाट, कुठे पार पुसट. तिथे तो फरकच चित्राचा प्राण आहे. पण वॉरहॉलकडे कुणी ‘आणखी ६ द्या’ म्हणत आलं नव्हतं!

काही गोष्टींना वहीतही आकडा नाही. स्क्वीजी किती दाबायची? तिथे मी वडिलांचे शब्दच लिहून ठेवले आहेत: ‘दुधावरची साय फाटणार नाही, इतका हात.’ सगळ्या वहीत मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते.

— द्वितीय वर्ष, कला