डोक्यावरचा हात

आमच्या घरात कुणाला ताप आला की थर्मामीटरच्या आधी आजीचा हात कपाळावर यायचा. ताप बघायला आलेला तो हात तिथेच थांबायचा आणि आजीची प्रार्थना सुरू व्हायची. ‘प्रभू, लेकरू तुझंच आहे,’ एवढं वाक्य ठरलेलं, पुढचं ज्या त्या दुखण्याप्रमाणे. ‘आमेन’ झालं की गोळी मिळायची, तीही आजीच्याच हातून. दवा आणि दुवा यांचं भांडण मी लहानपणी कधी पाहिलंच नाही. आमच्या नगरमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ साली काम सुरू केलं, तेव्हापासून या मातीत शाळा, दवाखाना आणि देवालय एकमेकांच्या सोबतीनेच वाढले. आजीला तर एकच दाखला पुरे होता: पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता.

पुढे तो हात अनेकांचा झाला. दृढीकरणाच्या दिवशी बिशपसाहेबांचा, दहावीच्या परीक्षेआधी पाळकसाहेबांचा, सासरी निघताना बाबांचा. बाबांना चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायचा संकोच. त्या दिवशी त्यांनी नुसताच हात ठेवला, आणि मला सगळं ऐकू आलं. मान खाली घालायची, डोळे मिटायचे, बस्स. त्या वयात मान आपोआप खाली जाते.

धाकटा भाऊ गेला, त्यानंतर मान खाली जाईना. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिसच्या फेऱ्या चालल्या होत्या, आणि इकडे सगळी मंडळी प्रार्थनेला बसली होती. उपास झाले, रात्रभराच्या सभा झाल्या. बायका दर्शनी खोलीत सतरंजीवर गुडघे टेकून रडत मागत होत्या. तरी तो गेला. मी देवालयात जाणं सोडलं नाही. ‘उपासना संगीत’ हे पदांचं पुस्तक उघडून ना. वा. टिळकांची, सांगळ्यांची पदं इतरांबरोबर म्हणत राहिले. पण उपासनेनंतर कुणी प्रार्थनेसाठी माझ्याजवळ येऊ लागलं की काही तरी निमित्त काढून मी बाहेर पडायची. रात्रीची झोप उडाली. छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी नेमाने घेतल्या, त्यांनी झोप थोडी आली. भावाचं नाव मात्र तोंडातून निघत नव्हतं.

त्याच दिवसांत एका नातेवाइकाच्या आग्रहाने आम्ही चंगाई सभेला गेलो. मोठा मंडप, स्पीकर, पुढे व्हीलचेअरच्या रांगा. व्यासपीठावरून सांगणं चाललं होतं की विश्वास अपुरा असेल तर चंगाई अडते. माझ्या शेजारी माझी भावजय बसली होती. तिने रात्र रात्र जागून जे मागितलं होतं ते मी पाहिलेलं. ते वाक्य तिच्या चेहऱ्यावर कसं उतरलं, हे मला आजही विसरता येत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याचा विश्वास मोजणं ही क्रूरता आहे, मग ती कुणाच्याही नावाने केलेली असो. औषध बंद करायला सांगणं तर त्याहून वाईट.

घरी येऊन मी रागानेच मार्काचं शुभवर्तमान काढलं. दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमची गोष्ट आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं जण बाजेवर घालून आणतात. दारात गर्दी, वाट मिळत नाही. मग ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज थेट येशूपुढे खाली सोडतात. येशूने विश्वास पाहिला तो त्या आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी मार्काने एकही शब्द घातलेला नाही. त्याने काय केलं? स्वतःला उचलू दिलं. आणि येशू त्याला ‘ऊठ’ म्हणायच्या आधी क्षमेचं बोलला. पायांच्या आधी आतलं काही तरी मोकळं केलं. लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकलेली ही गोष्ट त्या रात्री मला नव्याने वाचता आली.

याच सुमाराला मी पंडिता रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचायला घेतली. आईवडील उपासमारीने गेलेले. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, दोन वर्षांत पतीही गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्या विद्वान बाई, प्रत्येक मत पारखून घेणाऱ्या. आणि तरी त्या लिहितात की धर्म मिळाला होता, पण ख्रिस्ताची खरी ओळख पटायला त्यानंतरही कितीतरी वर्षं जावी लागली. बुद्धीने पत्करलेलं काळजापर्यंत उतरायला एवढा वेळ लागतो, हे त्यांच्यासारखीने कबूल करावं, याचा मला फार आधार वाटला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी जवळ केलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करण्याचं काम अगदी शेवटपर्यंत चालू ठेवलं. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. प्रार्थनेने त्यांचं एकही माणूस मरणापासून राखलं गेलं नाही. तरी त्या शेवटपर्यंत प्रार्थना करणाऱ्या बाई होत्या.

आमच्या आळीत शुक्रवारी महिलांची प्रार्थना सभा घरोघर फिरते. माझी पाळी आली तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. चहा झाला, एक पद झालं, वाचन झालं. मग शाळेतून निवृत्त झालेल्या एक मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाई, तुझ्यासाठी प्रार्थना करू का? नको असेल तर नको म्हण.” असं मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हटलं. त्या उठून आल्या, डोक्यावर हात ठेवला. त्यांनी भावासाठी काही मागितलं नाही, देवाची बाजूही मांडली नाही. एवढंच म्हणाल्या की प्रभू, ही तुझ्यावर रागावली आहे, तिला तुझ्याशी बोलू दे. मी कधी नव्हे ते मोठ्याने रडले, आणि भावाचं नाव घेऊन देवाला जे जे विचारायचं होतं ते त्या सगळ्या बायकांसमोर विचारलं. कुणी मला गप्प केलं नाही.

उत्तर तेव्हा मिळालं नाही, अजूनही मिळालेलं नाही. पण त्या शुक्रवारपासून मला पुन्हा प्रार्थना करता येते, आणि भावाविषयी बोलता येतं. छातीवरचा भार एका दिवसात गेला नाही, हळूहळू उतरला. गोळ्याही डॉक्टरांनी सांगितल्यावरच कमी केल्या. मी याला चंगाई म्हणते, आणि ती ख्रिस्ताकडून मिळाली असं मानते.

आता मंडळीतर्फे आम्ही काही जणी इस्पितळात जातो. बेथेसदाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी असलेल्यालासुद्धा येशूने आधी विचारलं होतं, तुला बरं व्हायचंय का म्हणून. आम्हीही विचारूनच हात ठेवतो. काही जण नको म्हणतात, मग आम्ही मुलाबाळांची चौकशी करून थोडा वेळ बसतो. मागच्या खेपेला डायलिसिसच्या वॉर्डात एका तरुण मुलाच्या आईने मला बाहेर बोलावलं. “त्याच्यासाठी सगळेच करतात,” ती म्हणाली, “माझ्यासाठी कराल का?” तिला पाच रात्री झोप नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्यासाठी झोप मागितली, दुसरं काही नाही.