आधी थेंब, मग कान

जुन्या डिझेल गाडीचं टायमिंग कानानं लावणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. पंप जरासा फिरवायचा, इंजिन चालू करायचं, ठोका ऐकायचा. त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. तरी माझा पहिला भरवसा थेंबावर.

मर्सिडीजची २४०डी घ्या. १९७६ पासून निघालेली डब्ल्यू-१२३ मालिका, चार सिलिंडर, बॉशचा सरळ रांगेतला पंप. आधी पंप बाहेरून स्वच्छ धुवायचा, कारण प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनांची असते. कचऱ्याचा एक कण पंप वाया घालवतो. मग पहिल्या सिलिंडरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर उघडून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, होल्डर परत बसवून त्यावर वाकडी नळी लावायची. ॲक्सिलरेटरचा दांडा पूर्ण उघडा ठेवायचा, हातपंपानं डिझेलला दाब द्यायचा आणि क्रँकला पाना लावून सावकाश फिरवायचं. नळीतून धार येते. प्लंजर वर चढत बॅरलचं भोक झाकू लागला की धार बारीक होते, तुटते, ठिबकू लागते. सेकंदाला एक थेंब पडला की थांबायचं आणि पुलीवरची खूण वाचायची. पिस्टन माथ्याला पोचायला २४ अंश बाकी असले पाहिजेत.

खूण ओलांडली गेली तर पाना उलटा फिरवायचा नाही. साखळीतली ढील दुसऱ्या बाजूला जाते आणि मोजमाप चुकतं. दोन पूर्ण फेरे पुढे जाऊन पुन्हा तिथं यायचं.

इतक्या आधी का? डिझेल आत पडताक्षणी पेटत नाही. तापलेल्या हवेत त्याची वाफ व्हायला, ते मिसळायला वेळ लागतो. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर २४ अंश म्हणजे ५.३ मिलिसेकंद, ३००० फेऱ्यांवर जेमतेम १.३. म्हणून वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारा वजनांचा टायमर दिलेला असतो. आपण लावतो तो त्याचा पाया.

पाया पुढे सरकला तर ठोका कडक होतो, गाडी जोरकस वाटते आणि मार पिस्टन-बेअरिंगला बसतो. मागे पडला तर सकाळी पांढरा धूर, चढावर दम नाही. कानाची अडचण अशी की त्याला सवय होते. साखळी वर्षानुवर्षं झिजून लांबते, टायमिंग हळूहळू मागे पडतं, आणि रोज तीच गाडी चालवणाऱ्याला फरक जाणवत नाही. शिवाय खराब नोझलही ठोकतं. नुसतं ऐकून पंप मागे घेतला, तर आवाज दबतो, नोझल तसंच राहतं आणि वर पिकअप जातो.

थेंब एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: पंप डिझेल कधी सोडू लागतो? ते उत्तर पक्कं झालं की कानाचं काम सुरू होतं. खूण २४ वर असूनही इंजिन ठोकत असेल, तर टायमिंगकडे बोट दाखवायचं कारण उरत नाही. पंपाला हात न लावता सरळ नोझल काढावीत आणि तपासायला द्यावीत.