भेक आणि श्वान

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की आमच्या गोव्यातील देवळांच्या अग्रशाळांत दिव्याखाली पंख फुटलेल्या वाळवीचा खच पडतो, आणि त्या मेजवानीस निमंत्रणावाचून येणारा पाहुणा म्हणजे भेक. खरखरीत अंगाचा, तोकड्या उड्या मारणारा हा बेडूक तळीतल्या गुळगुळीत बेडकाहून निराळा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 103 वे सूक्त मंडूकांचे आहे. पण त्यांची ती थोरवी श्वानाच्या कानी गेलेली दिसत नाही. हलणारी वस्तू दिसताच तो ती तोंडात धरतो.

अनर्थ ओढवतो तो येथेच. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. दातांखाली त्या दाबल्या गेल्या, की दुधासारखा चिकट स्राव निघतो आणि हिरड्यांवाटे अंगात भिनतो. जी कण्हेर आपण परडी भरून देवाला वाहतो, तिच्या विषाची हृदयावर जी क्रिया होते, त्याच जातीची या स्रावाचीही होते. आपल्याकडील भेक अमेरिकेतील थोरल्या भेकाइतका जहाल नव्हे. तरी लहान पिल्लाच्या जिवावर बेतू शकते.

गेल्या आषाढात एका अग्रशाळेत राखणदाराच्या पिल्लाने असाच भेक धरला. क्षणात तोंडाला फेस आला. ते डोके झटकू लागले, पंजाने तोंड ओरबाडू लागले. तोच कोणी ओरडले, ‘पिशें सुणें!’ आणि दोघांनी दांडे उचलले. आरोपीची बाजू ऐकण्यापूर्वीच फाशीचा हुकूम निघावा, तसा हा प्रकार. घटकाभरापूर्वी खेळणारे, ओळखीचे जनावर पावसाळी रात्री एकाएकी फेसाळले, तर आधी आसपास भेक आहे काय, ते पाहावे. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाशी मात्र हात नेऊ नये. तेथे पिसाळण्याची भीती खोटी म्हणता येत नाही.

राखणदार शहाणा निघाला. त्याने पिल्लाचे तोंड खाली झुकवले, ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, टाळू पुसली, आणि जबड्याच्या बाजूने पाण्याची बारीक धार पाच-दहा मिनिटे सोडली. धार घशाकडे नसावी, नाहीतर पाणी फुप्फुसांत जाते. ताक, तेल, लिंबू यांचे सल्ले चौफेर येत होते. त्याने एकही ऐकला नाही. ओकारीही काढवू नये. झोकांड्या, आचके किंवा बेशुद्धी दिसली, तर पाण्याचा नाद सोडून तडक पशुवैद्य गाठावा. विष हृदयावर गेल्यास उपाय त्याच्याच हाती. शेवटी आपले हात साबणाने धुवावेत, तोवर डोळ्यांस लावू नयेत.

पिल्लू वाचले, तेव्हा दांडे भेकाकडे वळले. आम्हांस वकिली करणे भाग पडले. भेक कोणावर चालून जात नाही. दातांत सापडल्यावरच त्याचे विष सुटते. 1860 च्या दंडसंहितेतील 96 ते 106 आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेतील 34 ते 44 ही कलमे माणसाला स्वसंरक्षणाचा जो हक्क देतात, त्याहून यात निराळे काय? खराट्याने त्याला तळीच्या वाटेस लावले.

पावसाळ्यात सांजेनंतर कुत्रा दोरीवरच फिरवावा आणि अंगणातले त्याचे पाण्याचे भांडे रात्री पालथे घालावे. मग दिव्याखालची वाळवी भेकाने निवांत खावी. लाकडी खांबांच्या देवस्थानाचा त्यात तोटा नाही.