वीस अक्षरांची संजीवनी

नकलून घेण्याच्या कामाला आपल्याकडे मुळीच मान नाही. शाळेत ती शिक्षा, कचेरीत ती कारकुनी. पण ओसाकाला नोकरी करणारा माझा भाचा सुटीत आला आणि त्याने मला 'ड्रॅगन क्वेस्ट' या जपानी खेळाची हकीकत सांगितली. तेव्हापासून या कामाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

टीव्हीला यंत्र जोडून खेळायचा हा खेळ १९८६ च्या मे महिन्यात निघाला. कथा युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. थाट मोठा, पण बिऱ्हाड इवलेसे! कार्ट्रिजमध्ये जागा अवघी ६४ किलोबाइट. आपल्या मोबाइलमधला एखादा फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. त्यामुळे नायकाला पाठच दिली नव्हती. कुठल्याही दिशेला चालला तरी तोंड आपले प्रेक्षकांकडे, थेट संगीत नाटकातल्या नटासारखे.

अशा यंत्राला कालचे आज आठवणार कसे? म्हणून खेळ थांबवताना राजाकडे जायचे. तो वीस अक्षरांचा एक निरर्थक मंत्र देई, 'पुनरुज्जीवनाचा मंत्र'. तो वहीत उतरवायचा नि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. कचाला अशा मंत्रासाठी शुक्राचार्यांकडे हजार वर्षे काढावी लागली. जपानी पोरांना तो रोज संध्याकाळी मिळे! १९८७ च्या दुसऱ्या भागात तर तो बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. त्यातून जपानी 'नु' आणि 'मे' म्हणजे आपले 'घ' आणि 'ध'. टीव्ही अंधुक, आई जेवायला हाका मारते आहे, आणि एक अक्षर चुकले की आठवड्याची मजल पाण्यात! इतका कडक परीक्षक आमच्या बोर्डानेही नेमला नसेल.

१९८८ च्या तिसऱ्या भागात कार्ट्रिजमध्येच बॅटरी आली. १९९३ साली पहिला भाग नव्याने निघाला, त्यातही वहीचे काम उरले नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरात आलेला अवतार तर डोळ्यांचे पारणे फेडतो, आणि वाटचालीची नोंद आपली आपण ठेवतो. पोरांची रडारड वाचली, हे बरेच झाले. मात्र बॅटरी काही वर्षांनी संपते, आणि तिच्याबरोबर नोंदही जाते.

भाच्याच्या कचेरीत एक गृहस्थ आहेत. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणीच गेला. पुढे घर आवरताना भावाची शाळेतली वही सापडली. मागल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली वीस अक्षरे. गृहस्थांनी ती तत्काळ ओळखली. त्या मंत्रात नायकाचे नाव, त्याची कमाई, शस्त्रे, सारे गुंफलेले असते, आणि तो त्या खेळाच्या कुठल्याही कार्ट्रिजला चालतो. त्यांनी जुने यंत्र विकत आणले. एक अक्षर पुसट झाले होते. आधी 'मे' घातले, मंत्र चुकला. मग 'नु' घातले.

राजापुढे नायक उभा राहिला, भावाच्या नावाचा, त्याने जमवलेल्या सोन्यासकट.

"मग पुढे खेळले का ते?" मी विचारले.

"फारसे नाही, मामा. वेशीबाहेर जाऊन एक क्षुद्रसा राक्षस मारला, राजाकडे परत आले आणि नवा मंत्र मागून घेतला. तो त्याच पानावर, भावाच्या अक्षराखाली लिहून ठेवलाय."