वेशीबाहेरचं ढोर

वर्धा जिल्ह्यातल्या केळझरला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. भीमानं बकासुराला मारून त्याचा देह वेशीवर टाकला, इथवर सांगून कथा गावकऱ्यांच्या आनंदाकडे वळते. त्या धुडाचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही. मेलेल्या ढोराबद्दलही आपण तेच करतो. नाक धरतो आणि सडणं म्हणजे घाण, असं ठरवून मोकळे होतो. खरं तर उघड्यावरचं सडणं हीच सफाई आहे. घाण होते ती सफाई करणारे नाहीसे झाल्यावर. बोरच्या जंगलात रोही मेला, की हिरव्या-निळ्या चमकदार माश्या लगोलग त्याचे डोळे आणि नाकपुड्या गाठून अंडी घालतात. पोटातल्या वायूनं धूड टम्म फुगतं, पाय ताठ उभे राहतात. मग अळ्या मांसात शिरतात. त्यांच्या दाटीतली ऊब भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त असते. पाझरलेल्या रसानं खालचं गवत जळतं, पण पुढं तिथंच ते गर्द उगवतं. वाळलेलं कातडं भुंगेरे खातात, हाडं साळिंदर कुरतडतं. कीटकशास्त्रज्ञ जेरी पेन यांनी १९६५ साली अमेरिकेतल्या डुकराच्या पिलांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. किडे पोचले तिथं सहा दिवसांत नव्वद टक्के वजन गेलं. किडे अडवले तिथं धूड शंभर दिवसांनंतरही शिल्लक होतं.

शिवारात याहून वेगवान कामकरी होते. गिधाडांचा थवा बैल तासाभरात हाडांपर्यंत साफ करी, आणि त्यांच्या जठरातल्या तीव्र आम्लात बरेच रोगजंतू मरत. ढोरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं ही गिधाडं मेली, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली होती. मांस कुत्र्यांच्या वाट्याला आलं, आणि त्यांच्यामागून रेबीजचं भय.

रोगराईचं काय, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. काळपुळीनं म्हणजे अँथ्रॅक्सनं मेलेलं ढोर फाडलं, की हवा लागून जंतूंचे चिवट बीजाणू तयार होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. संशय आला, तर ते न फाडता जाळावं किंवा चुना घालून खोल पुरावं. पण एका रोगासाठी सगळीच ढोरं मातीआड करणं मला पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: हे ढोर ओढायचं कुणी? शतकानुशतकं हे काम जातीनं लादलं गेलं. बाबासाहेबांच्या चळवळीनं ते नाकारायला शिकवलं, आणि ते योग्यच होतं. वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात मृत ढोरांचं कातडं कमावण्याला प्रतिष्ठा देण्याची धडपड झाली, तरी गावागावातला भार त्याच खांद्यांवर राहिला. म्हणून निसर्गाच्या सफाईचं कौतुक करताना जुनी वेठ परत आणता येणार नाही. ट्रॅक्टर, हातमोजे, पगार आणि वस्ती-विहिरींपासून दूर राखलेली जागा ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. त्या जागेवर ढोर टाकण्याआधी मालकाला एवढं विचारायलाच हवं, की शेवटच्या दिवसांत ढोराला कोणतं इंजेक्शन दिलं होतं. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही बंदी आली, ती याच कारणासाठी.