जीटी

ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना जीटी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: दोन खुर्च्यांवर एक काच, खाली टेबल लॅम्प, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. बस्स, गिरवत सुटायचं!

फर्स्ट इयरला रूममेटने तीन रात्री जागून आयसोमेट्रिकची शीट काढली. मी तासाभरात तिची जीटी मारली. सबमिशनला सर त्याला म्हणाले, "किती ही खाडाखोड! रिपीट." आणि मला, "याला म्हणतात काम." मी गप्प. विचार करणाऱ्यालाच खोडरबर लागतो, हे कोण सांगणार?

त्या रात्री तो माझी शीट काचेवर ठेवून स्वतःचंच ड्रॉइंग गिरवत बसला. मी मुकाट्याने त्याच्या पेन्सिलींना टोक करून देत होतो. सॉरी म्हणायचं मात्र राहिलं, ते आजतागायत.